वाचकांचे प्रश्न: गाडी तरंगते हो, पण परत वर चढते का?

मागच्या अंकात सहाचाकी-आठचाकी अ‍ॅम्फिबियस एटीव्हीबद्दल लिहिलं, म्हणजे चिखल, पाणी, दलदल, सगळीकडे चालणारी ती टबसारखी गाडी, आणि शेवटी सहज एक ओळ टाकली की "गोठलेल्या तलावावर मात्र जपून". झालं, निम्मे प्रश्न त्या एका ओळीवरच आले. बरेचसे सारखेच होते म्हणून एकत्र केलेत. काहींना उत्तर लांबलचक दिलंय, काहींना दोन ओळीत उरकलंय, राग नसावा.

प्रश्न: ही गाडी पाण्यावर तरंगतेच ना? मग बर्फ तुटला तरी काय बिघडलं? साधी एटीव्ही बुडेल, आपली तरंगत राहील. बर्फाची जाडी मोजत बसायची गरजच काय?

उत्तर: हा प्रश्न सात जणांनी विचारलाय, आणि खरं सांगू का, गाडी नवीन घेतली तेव्हा मलाही अगदी हेच वाटायचं. गाडी तरंगते हे शंभर टक्के खरं आहे. ड्रेन प्लग (टबच्या तळाच्या भोकांची बुचं) बसवलेले असले आणि टबला कुठे चीर नसली तर बर्फ तुटल्यावर ती दगडासारखी खाली जात नाही, हा तिचा मोठाच फायदा आहे आणि तो मी नाकारत नाहीये. पण तुम्ही विचार इथेच थांबवताय. पुढचा प्रश्न विचारा, तरंगतेय, आता बाहेर कशी येणार?

पाण्यात ही गाडी चालते ती टायरच्या खाचांनी पाणी मागे ढकलून. वेग किती, तर माणूस रमतगमत चालतो तेवढा, आणि जोर अगदीच बेताचा. आता डोळ्यासमोर आणा, तुम्ही गाडीएवढ्याच एका भोकात आहात, आजूबाजूला बर्फाचे तुकडे तरंगतायत, त्यातले काही टायर आणि टबच्या मधे जाऊन अडकतायत, आणि समोर बर्फाची ओली कड आहे. पुढचे टायर कडेला लागतात, गरागरा फिरतात, थोडं नाक वर उचललं जातं, आणि नाक वर म्हणजे शेपूट खाली. मागच्या बाजूने पाणी आत यायला लागतं. घाबरून अजून गॅस दिला की अजून पाणी. मग गाडी मागे घसरते आणि परत पहिल्यापासून.

बर्फ अगदी पापुद्र्यासारखा असेल तर त्रास नाही, गाडी तो फोडत फोडत काठापर्यंत येते. चांगला जाड असेल तर तुटतच नाही. खरा घात होतो मधल्या बर्फावर. गाडीचं वजन पेलायला कमी पडतो आणि टायरच्या धक्क्याने फोडायला मात्र दणकट असतो. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी गत होते, धड गाडी नाही धड होडी नाही.

माझं सांगतो. हंगामाचे शेवटचे दिवस होते, तळं छोटंच, काठापासून वीसेक मीटरवर वाळलेल्या गवताचे झुबके बर्फातून वर आलेले, आणि मी त्यांच्या अगदी कडेने गाडी काढली. गवताच्या काड्या उन्हाने तापतात आणि आजूबाजूचा बर्फ आतून पोखरतात हे मला वाचून माहीत होतं, फक्त त्या वेळी आठवलं नाही. मागची चाकं गेली, मग अख्खी गाडी. तरंगली अगदी शहाण्यासारखी. पण मी काठाकडे पाठ करून होतो आणि विंच (दोर गुंडाळत गाडी ओढणारं यंत्र) होता पुढे. त्या भोकात गाडी वळवण्यातच निम्मा वेळ गेला, कारण एका बाजूचे टायर थांबवून वळायचं तर पाण्यात तसा जोरच मिळत नाही, वर बर्फाचे तुकडे मधे येणार. सोबतचा मित्र काठावर होता, त्याने दोर टाकला, तिसऱ्यांदा माझ्या हातात आला, तो विंचच्या दोराला जोडला आणि त्याने दुसरं टोक झाडाला बांधलं. चाळीस मिनिटं लागली. बाहेर आलो तेव्हा जॅकेटच्या बाह्या पत्र्यासारख्या कडक झाल्या होत्या आणि हाताची बोटं हुक सोडायला तयार नव्हती.

तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय. बर्फावर जाण्याआधीच मागच्या हुकाला एक लांब दोर बांधायचा आणि त्याचं मोकळं टोक सीटवरून हाताला लागेल असं ठेवायचं. पॉलीप्रोपिलीनचा दोर घ्या, तो पाण्यावर तरंगतो. नायलॉनचा पाणी पितो, बुडतो आणि बाहेर काढला की काठीसारखा गोठतो. आणि कोणीतरी एकजण कायम काठावर किंवा तपासलेल्या जाड बर्फावर पाहिजे. एकट्याने जायचं असेल तर जाऊच नका, यावर मी वाद घालत नाही.

झाड जवळ नसेल तर? जाड बर्फात ऑगरने (बर्फाला भोक पाडायच्या मोठ्या गिरमिटाने) भोक पाडायचं, एका मजबूत दांड्याच्या बरोब्बर मधे दोर बांधायचा, दांडा उभा धरून भोकातून खाली सोडायचा आणि दोर ओढायचा, म्हणजे दांडा बर्फाच्या खाली आडवा बसतो. त्या दोराला विंच लावा. बर्फावर यासारखा अँकर दुसरा नाही, पण हे करायला दुसरा माणूस आणि ऑगर गाडीच्या बाहेर असायला हवा, भोकात अडकलेल्या गाडीत ऑगर ठेवून काय उपयोग.

प्रश्न: गाडीचे टायर रुंद आणि हवा अगदी कमी, चिखलातसुद्धा रुतत नाही इतका दाब कमी पडतो. मग बर्फही पातळ चालत असेल ना? नक्की किती जाडी बघायची?

उत्तर: बर्फाला टायरखालचा दाब फारसा कळतच नाही. चिखलात टायर रुततो कारण चिखल तेवढ्याच जागी दबतो. तलावावरचा बर्फ म्हणजे पाण्यावर ठेवलेली मोठी फळी समजा, गाडी आली की ती गाडीभोवती बऱ्याच लांबपर्यंत वाकते आणि वाकताना खालच्या बाजूने तडकते. त्यामुळे हिशोब गाडीच्या एकूण वजनाचा करायचा. आठ चाकं आहेत की चार याने फरक पडतो तो किरकोळ. ट्रॅक (चाकांवरून चढवायचे पट्टे) चढवले तर चिखलासाठी उत्तम, पण बर्फाच्या हिशोबात तुम्ही वजन वाढवलंत एवढंच.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाचा तक्ता जगभर वापरला जातो. नव्या, स्वच्छ, पारदर्शक बर्फासाठी तो असा आहे, चालायला ४ इंच, स्नोमोबाइल (बर्फावरची स्कूटर) किंवा छोट्या एटीव्हीला ५ ते ७ इंच, शेजारीशेजारी बसायच्या मोठ्या एटीव्हीला ७ ते ८ इंच. आता इथे लोक चुकतात. "एटीव्ही" हा शब्द दिसला की ५ इंच धरून मोकळे होतात. पण ती ओळ आहे तीनेकशे किलोच्या चारचाकीसाठी! तुमच्या आठचाकीचं कोरं वजनच पाचशे किलोच्या आसपास, त्यात दोन माणसं जाड कपड्यांसकट, पेट्रोल, सामान, ट्रॅक, सगळं मिळून साडेआठशे सहज होतं. म्हणजे तुमची ओळ ती खालची.

ज्यांना स्वतः आकडेमोड करायचीय त्यांच्यासाठी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधले लॉर्न गोल्ड यांचं १९७१ सालचं सूत्र आहे. जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, आणि जपून चालायचं असेल तर ३.५ ने गुणा, येईल ते पेलणारं वजन किलोमध्ये. १० सेंमीला ३५० किलो, १५ सेंमीला जेमतेम ७८७, आणि २० सेंमीला १४००. वर्ग असल्यामुळे जाडी अर्धी झाली की ताकद पाव होते, हे लक्षात ठेवा, कारण तलावावर जाडी सगळीकडे सारखी कधीच नसते. मी स्वतः या गाडीसाठी २० सेंमी स्वच्छ बर्फ नसेल तर काठावरच थांबतो.

आणि हे सगळं स्वच्छ, काळपट-निळसर दिसणाऱ्या बर्फासाठी. वर पडलेलं बर्फ ओलं होऊन गोठतं तो पांढरा दुधाळ बर्फ, त्याची ताकद निम्मी धरा, म्हणजेच जाडी दुप्पट हवी. करडा दिसला तर त्यात पाणी मुरलंय, तिथून मागे फिरा. एका भोकाचं माप अख्ख्या तलावाला लावू नका, साधारण दर ५० मीटरवर पाहायचं आणि ओढा जिथे मिळतो किंवा बाहेर पडतो, दोन बेटांमधली चिंचोळी जागा, पुलाखाली, धक्क्याभोवती, अशा ठिकाणी तर पावलापावलावर. मी पायी पुढे जातो, हातात पहार, एका ठोक्यात आरपार गेली तर ती जागा माझीसुद्धा नाही, गाडीची तर सोडाच. आधी गाडी नेऊन मधोमध भोक पाडणारे महाभाग पाहिलेत मी, वरातीमागून घोडं.

प्रश्न: पातळ जागा आली तर जोरात निघून जायचं असं एका अनुभवी माणसाने सांगितलं. बर्फाला तुटायला वेळच मिळत नाही म्हणे.

उत्तर: त्या अनुभवी माणसाचं नशीब चांगलं होतं. गाडी चालते तेव्हा बर्फ तिच्याखाली वाकतो आणि ते वाकणं बर्फाखालच्या पाण्यात लाट उठवतं. लाटेचा स्वतःचा एक वेग असतो, उथळ पाण्यात तो खोलीवर ठरतो, २ मीटर खोलीला ताशी १६ किमीच्या आसपास, ५ मीटरला २५. गाडीचा वेग आणि लाटेचा वेग जुळला की लाट गाडीच्या सोबत पळत मोठी होत जाते, आणि स्थिर उभ्या गाडीला जो बर्फ आरामात पेलत होता तोच फुटतो. आता गंमत बघा, या गाड्या जमिनीवर पळून पळून ताशी तीसेक किमी पळतात, म्हणजे आपला नेहमीचा वेग नेमका या धोक्याच्या पट्ट्यात येतो.

हे काही पुस्तकी नाही. १९४१-४२ च्या हिवाळ्यात दुसऱ्या महायुद्धात वेढ्यात अडकलेल्या रशियातल्या लेनिनग्राड शहराला लाडोगा सरोवराच्या बर्फावरून ट्रकने धान्य जायचं, आणि जड ट्रक सुखरूप गेल्यावर त्याच वाटेवर हलके ट्रक बुडायचे. भौतिकशास्त्रज्ञांनी बर्फाचं वाकणं मोजणारी यंत्रं बसवली तेव्हा कळलं की ताशी ३५ किमीच्या जवळपासचा वेग तिथे घातक होता.

तेव्हा ताशी दहाच्या आत चला. काठ जवळ आला की अजून हळू, कारण तिथे पाणी उथळ होतं आणि लाट काठावर आपटून परत फिरते. काठाकडे सरळ नाक करून जाऊ नका, तिरकं जा. दोन गाड्या असतील तर एकामागे एक चिकटून नको, भरपूर अंतर ठेवा आणि शेजारी शेजारी तर नकोच.

प्रश्न: गुळगुळीत बर्फावर गाडी वळतच नाही, हँडल पूर्ण फिरवलं तरी सरळ जाते. स्टीअरिंग बिघडलंय का?

उत्तर: नाही हो. या गाडीची पुढची चाकं मुळात वळतच नाहीत, एका बाजूची चाकं थांबतात आणि दुसऱ्या बाजूची ढकलतात, तशी गाडी घासत घासत वळते. बर्फावर थांबलेली चाकंही घसरतात, मग वळणार कशी. वेग आधीच कमी करा, वळताना हलका गॅस द्या, हँडल थोडं थोडं फिरवा. रबरी ट्रॅकने हे सुधारेल असं वाटतं पण काचेसारख्या बर्फावर साधा रबरी ट्रॅक टायरपेक्षा जास्त घसरू शकतो, खिळे असलेले वेगळे मिळतात. टायरला चेन लावायची असेल तर टबला घासत नाहीत ना हे चाक हाताने पूर्ण फिरवून बघा, टबला चीर पडली तर तरंगण्याची सगळी गोष्टच संपली.

याच प्रश्नात अजून एक. टायरची हवा घरात भरू नका. आत २० अंशात ४ पीएसआय भरलीत आणि बाहेर उणे १५ असेल तर ती दोनच्याही खाली येते. मग घासत वळताना टायर रिममधून सुटतो आणि तुम्ही तलावाच्या मधोमध पंप शोधत बसता. बाहेर उभी करा, तासभर गार होऊ द्या, मग हवा बघा.

प्रश्न: आमचं तळं फार तर कमरेएवढं खोल. तिथे तरी बिनधास्त चालवू ना?

उत्तर: बुडणार नाही हे खरं, पण छोट्या तळ्यात गवत, कुजणारा पाला, तळातले झरे, यांनी बर्फ ठिकठिकाणी पातळ असतो. आणि एक छुपा धोका, बांध घातलेल्या तळ्यातून हिवाळ्यात पाणी सोडलं असेल किंवा झिरपून गेलं असेल तर बर्फ वर तसाच राहतो आणि खाली पोकळी. बर्फाचं ओझं खालचं पाणी उचलतं, पाणीच नसेल तर वरचं सगळं गणित रद्द. भोक पाडल्यावर पाणी लगेच वर येऊन बर्फाच्या जवळजवळ काठापर्यंत भरलं पाहिजे, जाडीच्या दहातले नऊ भाग. तेवढं आलं नाही तर गाडी बाहेरच ठेवा.

प्रश्न: तलावातून धडाम-धडाम आवाज येतात, तोफ डागल्यासारखे. पळायचं का?

उत्तर: थंडी वाढली किंवा ऊन पडलं की बर्फ आकुंचन-प्रसरण पावतो आणि ओरडतो, जाड बर्फ तर जास्तच. नुसत्या आवाजाला घाबरू नका. पण गाडीखाली बारीक करकर आणि सोबत पाणी वर येताना दिसलं तर आल्या वाटेने हळूच मागे.

प्रश्न: बर्फावरून फिरून आलो, गाडी ठेवली, सकाळी चाकं जाम. जोर लावला तर कटकट आवाज आला म्हणून थांबलो.

उत्तर: थांबलात ते फार चांगलं केलंत. टबमध्ये साचलेलं पाणी रात्री गोठलं, आणि त्यात तुमच्या अ‍ॅक्सलच्या चेन आणि ब्रेकची डिस्क अडकली. तसाच जोर लावला असतात तर चेन तुटली असती. गाडी उबदार जागी नेऊन वितळू द्या, नाहीतर गरम हवा मारा. घरी परतल्यावर पहिलं काम म्हणजे गाडी उतारावर उभी करून ड्रेन प्लग काढायचे, आणि दुसरं काम, जे लोक विसरतात, ते प्लग स्टीअरिंगला लटकवायचे म्हणजे पुढच्या वेळी प्लग न लावता पाण्यात उतरणार नाही. बिल्ज पंपही (टबमधलं पाणी बाहेर फेकणारा) हाताने बटण दाबून बघा, बऱ्याचदा त्यातच बर्फाचा खडा असतो. ड्राइव्ह बेल्ट भिजला असेल तर तो घसरतो, इंजिन ओरडतं पण चाकं फिरत नाहीत, वाळवल्याशिवाय परत बर्फावर नको.

प्रश्न: आणि माणूसच पाण्यात पडला तर?

उत्तर: मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीजब्रेख्ट यांनी यासाठी १-१०-१ असा सोपा हिशोब सांगितलाय. पहिलं १ मिनिट फक्त श्वास सांभाळायचा, धाप लागते, पाणी नाकातोंडात जातं, तेव्हा काहीही करू नका, तोंड वर ठेवा. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय तुमचं ऐकतात, बाहेर यायचं ते याच वेळात. आणि थंडीने बेशुद्ध पडायला साधारण १ तास लागतो, म्हणजे लगेच संपलं असं समजून हातपाय गाळू नका, अर्थात लाइफ जॅकेट असेल तरच तो तास तुमचा. जॅकेट कपड्यांच्या वरून घाला. गळ्यात दोन टोचे (बर्फात रुतवायचे टोकदार दांडे) दोरीने अडकवून ठेवा, खिशात नको, ओल्या हातमोज्याने खिशाची चेन उघडत नाही. जिथून आलात तिकडेच तोंड करा, तो बर्फ निदान आत्तापर्यंत तरी तुम्हाला पेलत होता, पाय मागे आडवे करून जोरात मारा, टोचे रुतवून पोटावर सरका, आणि वर आल्यावर उभं न राहता लोळत लांब जा.

सीटबेल्ट? बर्फावर लावायचा नाही. वरून कापडी केबिन बसवली असेल तर दोन्ही बाजू उघड्या ठेवा, थंडी वाजली तर वाजू दे, एक्झॉस्टचा धूर आत कोंडतो ते वेगळंच.

प्रश्न: मासे पकडायला जातो, गाडी दिवसभर शेजारी उभी असते. चालेल ना, चालवत तर नाहीये?

उत्तर: उभ्या वजनाखाली बर्फ हळूहळू लोंबतो, तडकत नाही पण खचत जातो, त्यामुळे दोन तासांपेक्षा जास्त थांबायचं तर चालवायला लागते त्यापेक्षा जाड बर्फ हवा, आणि मधून मधून जागा बदलायची. खूण अगदी सोपी आहे, गाडीच्या शेजारीच एक भोक पाडून ठेवा. पाणी भोकाच्या काठाखाली आहे तोवर बसा निवांत. काठावरून वाहून बर्फावर पसरायला लागलं की आधी गाडी हलवा, गळ नंतर गुंडाळा.